सत्तरची अकरावी

गुडघे, मोतीबिंदू, साखर, नातवंडं आणि विकलेली वाडी. आमच्या वर्गाकडून आलेल्या कागदांचे ढीग लावायचे तर एवढे पाच पुरतात. १९७० साली वसईतल्या एका चर्चच्या शाळेतून जुनी अकरावी, म्हणजे एस.एस.सी., झालेली आम्ही मंडळी आता सत्तरी ओलांडून बसलो आहोत. सगळ्यांनी मिळून एक छोटी पुस्तिका काढायची, प्रत्येकानं एक पान लिहायचं, सध्या काय चाललंय आणि शाळेतलं काय आठवतं एवढंच, असं ठरलं. मी बँकेतून निवृत्त झालेला आणि अक्षर बरं असलेला, म्हणून कागद गोळा करायचं काम माझ्या गळ्यात आलं.

'सध्या काय चाललंय' हा भाग जवळपास सगळ्यांनी उरकून टाकला आहे. 'उजवा गुडघा बदलला, डावा पुढच्या वर्षी. बाकी देवाची कृपा.' 'मुलगा मेलबर्नला, आम्ही सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे.' आमचा गोलकीपर सत्तरच्या दशकात कुवेतला गेला होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं तेव्हा हा बायकोमुलांसह वाळवंट ओलांडून अम्मानला पोचला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईत उतरला. एवढ्या प्रकाराला त्यानं एक ओळ दिली आहे. उरलेलं पान पापडीच्या संघाविरुद्ध चिखलात खेळलेल्या फुटबॉल सामन्यानं भरलं आहे आणि त्यातला दुसरा गोल ऑफसाइड होता हे सिद्ध करायला त्यानं आकृतीही काढली आहे. वर्गातली एक मुलगी धर्मभगिनी झाली, नंदुरबारकडे आदिवासी मुलींच्या वसतिगृहात तिनं आयुष्य काढलं. एक जण सेमिनरीत गेला, फादर झाला, काही वर्षांनी त्यानं झगा उतरवला. 'मग लग्न केलं, सुखी आहे,' एवढंच त्यानं लिहिलं, आणि मीही अधिक काही विचारायला गेलो नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कॅथलिक शाळा म्हटलं की टाय, पॉलिश केलेले बूट आणि सुरात म्हटलेलं 'गुड मॉर्निंग, सिस्टर' डोळ्यांपुढे येतं. आमचं तसं काहीच नव्हतं. खाकी अर्धी चड्डी, बहुतेकांचे पाय अनवाणी, कापडी पिशवीत पुस्तकं, आणि माध्यम मराठी. वसईचा ख्रिस्ती समाज शेतकरी: केळी, पानवेली, भाजी, फुलं आणि दूध यांवर जगणारा. घरात आमची आमची बोली, कोणाची सामवेदी, कोणाची वाडवळी, कोणाची कोळ्यांची. शाळेत मात्र सगळ्यांना पुस्तकातली मराठी. माझ्या बाकावर परेरा, डाबरे आणि पाटील असे तिघं बसायचो. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की वर्ग उभा राहायचा, प्रार्थना व्हायची आणि पाटलाला 'नमो मारिया' आमच्याइतकंच पाठ होतं. धर्मशिक्षणाच्या तासाला तो आणि इतर हिंदू मुलं नीतिशिक्षणाला जायची. तिथे गोष्टी सांगतात आणि आमच्याकडे प्रश्नोत्तरं पाठ करावी लागतात, याबद्दल आमच्या मनात बरीच असूया होती.

पानांत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल, याचा अंदाज मी आधी बांधला होता. मला वाटलं होतं छडी. छडी आहेच. एका मास्तरांचं नाव अर्ध्याअधिक पानांवर आहे, पुस्तिकेत ते मी गाळणार आहे. बहुतेकांनी तो मार हसण्यावारी नेला आहे, 'त्यांनी मारलं म्हणून घडलो' वगैरे. मला हे कधीच पटलेलं नाही. घडायचे ते न मारताही घडले असते. एकानं मात्र सरळ लिहिलं आहे: 'त्या माणसाला मी माफ केलं, कारण आपल्याला तसं शिकवलंय. विसरलो नाही, कारण ते कोणी शिकवलं नाही.' हे पान मी एक अक्षरही न बदलता घेणार आहे.

पण छडीपेक्षा जास्त जणांनी लिहिलं आहे ते मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत झाली त्याबद्दल.

आम्ही लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे. आम्ही वेदीसेवक पोरं मागे गुडघ्यांवर. फादर म्हणायचे 'दोमिनुस वोबिस्कुम', की आम्ही ठोकून द्यायचो 'एत कुम स्पिरितू तुओ'. ही उत्तरं वहीत देवनागरीत उतरवून आम्ही पाढ्यांसारखी घोकली होती. अर्थ आम्हाला कळत नव्हता आणि तो कळायला हवा असं कोणी सुचवलंही नव्हतं. मोठी माणसं मागे बसून माळ जपायची, आजी तर पूर्ण मिस्साभर आपली वेगळीच प्रार्थना करायची. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला परवानगी मिळाली. आमच्याकडे ते टप्प्याटप्प्यानं आलं: आधी वाचनं मराठीत, मग प्रार्थना. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले.

हा बदल आमच्या शाळेच्या वर्षांतच झाला. त्यामुळे आमच्या वर्गाला दोन्ही येतं. धर्मभगिनी झालेल्या मैत्रिणीनं लिहिलंय की पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा तिला चक्क लाज वाटली. देवाशी असं शेजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलायचं? गोलकीपरचं म्हणणं उलट: 'लॅटिन होतं तोवर फादर काय मागतात ते कळत नव्हतं. मराठी झाल्यावर कळलं की आपण घरी मागतो तेच मागतात.' माझ्या आजीला मात्र ते रुचलं नाही. तिच्या मते फादर समोर तोंड करून उभे राहिल्यापासून कोण आलं नाही ते त्यांना दिसायला लागलं.

याच काळातली दुसरी ठसठशीत आठवण म्हणजे डिसेंबर १९६४. मुंबईत जागतिक युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा धार्मिक मेळावा, भरली होती. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, भारताचे पहिले कार्डिनल. त्यासाठी पोप पॉल सहावे स्वतः आले. पोप भारतात येण्याची ती पहिलीच वेळ. वसईहून गाड्या भरभरून माणसं ओव्हल मैदानाकडे निघाली आणि आमची शाळाही निघाली. आलेली पानं वाचली तर आमच्या वर्गातल्या प्रत्येकानं पोपना हाताच्या अंतरावरून पाहिलंय, दोघांकडे बघून तर ते हसलेसुद्धा. मी त्याच रांगेत होतो. मला पुढच्या माणसांच्या पाठी दिसल्या आणि नंतर गाडीत चेंगरून आलेला ताप आठवतो. ज्या पांढऱ्या लिंकन मोटारीतून ते मुंबईत फिरले, ती जाताना त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. ही बातमी फादरांनी प्रवचनात सांगितली तेव्हा मागून कोणीतरी विचारलं म्हणे, 'पेट्रोल कोण घालणार?' हा प्रश्न आपणच विचारला, असा तिघांचा दावा आहे.

आमचे मराठीचे सर ब्राह्मण. वसई गावातून सायकलवर यायचे, धोतराला चाकात अडकू नये म्हणून क्लिप. चर्चच्या शाळेत ते पसायदान म्हणून घेत आणि मुख्याध्यापक फादर व्हरांड्यात उभे राहून ऐकत. त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं गोव्यात राहून मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. 'एक इंग्रज तुमच्यासाठी ओव्या रचून गेला आणि तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घ येईना!' हा त्यांचा ठेवणीतला अहेर होता. माझ्या वहीवर तो लाल शाईत आहे.

आता इतिहासाच्या तासाबद्दल. हा प्रसंग बऱ्याच पानांत आलाय, प्रत्येकाचा थोडा वेगळा. मला जसा आठवतो तसा सांगतो. धडा वसईच्या मोहिमेचा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, दोनशे वर्षं राहिली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. शिकवणारे सर ख्रिस्तीच, आडनाव पोर्तुगीज. समोर बसलेल्या पोरांत निम्म्याहून अधिक आडनावं पोर्तुगीज. सर रंगात येऊन सुरुंग उडवत होते, तट ढासळत होते, आणि आम्ही बाक वाजवत होतो, आपण जिंकत होतो. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, 'सर, तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो?'

वर्ग गप्प झाला. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, 'आपण वाडीत होतो. शिंपणं चाललं होतं. आधी फिरंग्याला सारा भरला, मग पेशव्याला.' आणि पुढचा धडा सुरू.

इतकी वर्षं झाली, हे उत्तर मी अजून घोळवतो. त्यात सगळं आलं असं नाही. धर्मांतरं कशी झाली, देवळं कशी पडली, नंतरच्या राज्यात ख्रिस्ती राहिलेल्यांचं काय झालं, यातलं सरांनी काही सांगितलं नाही, आणि दहावीच्या पोरांना सांगायची ती वेळही नसेल. पण 'तुम्ही कोणाचे' असा प्रश्न पुढे आयुष्यात आम्हा प्रत्येकाला कोणी ना कोणी विचारला, आणि तेव्हा सरांचं हे उत्तर खिशात होतं. प्रश्न विचारणारा आमचाच मित्र पुढे विमा कंपनीत लागला आणि नाशकात बदलीवर गेला. तिथे गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाला जी प्रसिद्ध घंटा आहे, ती वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ हे साल आहे. मराठे फौजेनं वसईतल्या चर्चांच्या घंटा नेल्या आणि महाराष्ट्रात देवळादेवळांत बांधल्या, त्यातली ही एक. हा तिच्याखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं माहिती पुरवली, 'ही वसईची आहे बरं का.' यानं उत्तर दिलं, 'मीपण.' मग दोघांनी चहा घेतला.

सगळ्यात चांगलं पान कोणाचं, असं मला विचाराल तर ते अकरावी झालेल्या कोणाचं नाही.

आमच्या वर्गात मुली थोड्या, आणि त्याही वरच्या वर्गात जाता जाता गळत गेल्या. वाडीत हात लागत, धाकटी भावंडं सांभाळायची असत, शिकवायचं तर मुलग्याला. एक मुलगी तोंडी हिशेबात आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. नववी सुरू होताना आई आजारी पडली आणि तिचं नाव पटावरून गेलं. पुस्तिकेसाठी तिला विचारायचं का, यावर आमच्यात चक्क वाद झाला. एकाचं म्हणणं, ती सत्तरच्या बॅचची नाहीच. हा युक्तिवाद करणाऱ्याचं गणित तिच्या वहीतून उतरवलेलं असे, हे मी त्याला आठवण करून दिलं. मग वाद मिटला.

तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून पाठवलं. अक्षर अजून चौथीच्या पुस्तीसारखं, रेघेवर बसलेलं. थोडं देतो:

'सध्या बरी आहे. बीपीची गोळी चालू. मोगरा सून बघते. लग्नाआधी आणि लग्नानंतर मी चारला उठून कळ्या खुडल्या आणि पहिल्या गाडीनं दादरला नेल्या. बाजारात व्यापारी बाईमाणूस बघून हिशेबात गडबड करायचे. माझी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळी पाठ. त्यांची नव्हती. मला कोणी फसवू शकलं नाही. शाळेचं काय आठवतं विचारलंत. नववीची पुस्तकं आणली होती, त्यांना मी खाकी कागदाची कव्हरं घातली होती. ती भावाला दिली. पुढे तुम्ही काय काय शिकलात ते मला कोणी सांगितलं नाही. आता सांगा.'

मी हे पान वाचून दाखवलं तेव्हा नंदुरबारच्या सिस्टरनं पुढचे चार दिवस फोनवर तिला दहावीचा भूगोल सांगितला. खोटं नाही सांगत.

विकलेल्या वाड्यांच्या ढिगाकडे मी मुद्दामच उशिरा वळतोय, कारण तो सगळ्यात जड आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा वसई म्हणजे विहिरी, बावखलं (पाणी साठवणारी छोटी तळी) आणि केळीच्या बागा. आगाशीची सुकेळी मुंबईत आवडीनं खाल्ली जायची. मग स्टेशनाकडून इमारती सरकत आल्या. इमारतींना पाणी नव्हतं, ते वाड्यांतल्या विहिरींतून उपसून टँकरनं विकलं जाऊ लागलं. कोणी विकलं? आमच्यातल्याही काहींनी विकलं, आणि ज्यांनी नाही विकलं त्यांच्याही विहिरी मचूळ झाल्या, कारण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसतं. पानवेली मचूळ पाण्यावर जगत नाहीत. १९८०च्या दशकाअखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आमच्या वर्गातले बरेच जण त्या मोर्च्यांत चालले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून पुन्हा चालले, तेव्हा आमची पन्नाशी उलटली होती. एकानं लिहिलंय, 'मोर्च्यात मी होतो आणि वाडीचा सौदा करणारा माझा भाऊही होता. दोघं एकाच रिक्षानं गेलो.'

फादर दिब्रिटो नंदाखालचे, आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठे. 'सुवार्ता' मासिक ते चालवत तेव्हा आमच्यातल्या दोघातिघांचं लिखाण त्यांनी छापलं होतं, म्हणजे कापून, सुधारून, निम्मं करून छापलं होतं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही ठिकाणी नाकं मुरडली गेली. आमच्या विमावाल्याला तेव्हा इमारतीतल्या एका बाईंनी आश्चर्यानं विचारलं, 'तुमच्यात मराठी बोलतात?' तो म्हणाला, 'हो, आणि भांडतातही.' जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्या आठवड्यात आलेल्या पानांत इतर कोणताच विषय नाही.

त्या बाईंचा प्रश्न मला मात्र वेगळ्या कारणानं टोचतो. आज आमच्याच शाळेत मराठी माध्यमाच्या तुकड्या आक्रसत चालल्या आहेत. इंग्रजी विभागाची इमारत मोठी, तिथे प्रवेशाला रांग. ही रांग आमच्याच मुलांची आणि नातवंडांची आहे. गोलकीपरला कुवेतमध्ये मोडक्या इंग्रजीपायी जे ऐकून घ्यावं लागलं, ते मुलांनी ऐकू नये असं त्याला वाटलं, आणि त्याला कोण काय म्हणणार? मीही माझ्या मुलीच्या बाबतीत दुसरं काही केलं नाही. पण हिशेब असा झाला की देवाशी मराठीत बोलू लागलेली वसईतली पहिली शाळकरी पिढी आमची, आणि आमच्या नातवंडांना आमचं पान वाचता येत नाही.

यावरून पुस्तिकेचं काम थांबलंही होतं. मेलबर्नवाला म्हणाला, रोमन लिपीत छापा, नातवंडं निदान उच्चारून तरी वाचतील. गोव्यात कोकणी रोमीत छापतातच, त्यात कमीपणा कसला? मुद्दा खोटा नव्हता. झगा उतरवलेला मित्रही त्याच्या बाजूनं होता: लॅटिन आपण देवनागरीत घोकलंच होतं की, मग मराठी रोमनमध्ये का नको? सिस्टर मात्र ऐकेना. तिच्या वसतिगृहात भिल्ल आणि पावरा मुली घरची बोली घेऊन येतात आणि वर्षभरात देवनागरी वाचू लागतात. 'तुमच्या नातवांना व्हिडिओ गेम येतो, मग अबकड का येणार नाही?' शेवटी देवनागरीच ठरली. सोबत प्रत्येकानं आपलं पान स्वतः मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकावं. रेकॉर्डिंगं येऊ लागली आहेत. गोलकीपरचं फुटबॉलचं पान तब्बल अर्धा तास चालतं.

छापखान्याचा दर विचारायला मी एकटा गेलो तेव्हा मालकानं सांगितलेला आकडा मला बरा वाटला होता. मोगरेवालीला कळलं तशी ती म्हणाली, चल, मी येते. दुकानात खुर्चीवर बसली, कागदाचं वजन विचारलं, एका रिमात किती पानं बसतात ते विचारलं, डोळे मिटून ओठ हलवले आणि आकडा बराच खाली आणला. मालकानं माझ्याकडे बघून विचारलं, 'या बाई अकाउंटंट होत्या का?'

'पन्नास प्रती काढतोय आम्ही,' मी म्हटलं.

'पन्नासात परवडत नाही,' ती म्हणाली. 'शंभर काढ. उरलेल्या सून दादरला नेईल.'